स्क्रीन रीडर वापरताय? मग ऑफिसचं कुठलं व्हर्जन टाकायचं

"ताई, ऑफिस कुठलं टाकू? २०१६ चांगलं का ३६५?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता मी उलट तीन प्रश्न विचारते, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) कुठला, त्याचं व्हर्जन काय आणि विंडोज कुठली. समोरचा लगेच वैतागतो कारण त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. पण एका शब्दात उत्तर नाहीच आहे ना. ऑफिस एकटं कधी चांगलं किंवा वाईट नसतं, जोडी चांगली असते किंवा वाईट असते. नवंकोरं ऑफिस आणि पाच वर्षं जुना जॉज (लायसन्स घेऊन वापरायचा स्क्रीन रीडर) अशी जोडी लावली की वर्ड उघडतं, टायपिंग होतं, आणि मग कुठल्यातरी डायलॉगमध्ये जाऊन सगळं गप्प. उलटी जोडीही तशीच, पण ती निदान बरी, का ते पुढे सांगते.

आधी हातात काय आहे ते बघून घ्या. वर्ड उघडा, आल्ट दाबा, मग एफ, मग डी, अकाउंटचं पान उघडेल. तिथे टॅब मारत अबाउट वर्डपर्यंत जा, एंटर केलं की व्हर्जन, बिल्ड नंबर आणि ३२ बिट का ६४ बिट ते सगळं ऐकू येतं. एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरचं व्हर्जन एनव्हीडीए + एन (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबून हेल्पमध्ये अबाउटला मिळतं, जॉजचं इन्सर्ट + जे दाबून हेल्पमध्येच. विंडोजसाठी विंडोज + आर, मग डब्ल्यू आय एन व्ही ई आर टाइप करून एंटर. हे तीन नंबर एका फाइलमध्ये लिहून ठेवा, तारखेसकट. आत्ता कंटाळा येईल पण सहा महिन्यांनी काही बिघडलं की पहिलं हेच लागतं.

आता जोडी जोडी का म्हणते. स्क्रीन रीडर पडदा बघून वाचत नाही, तो वर्डला विचारतो की कर्सर कुठे आहे, या ओळीत काय आहे, हे हेडिंग आहे का. विचारायचे रस्ते दोन. जुना रस्ता म्हणजे ऑब्जेक्ट मॉडेल, मॅक्रो लिहिणारे जो वापरतात तोच. नवा रस्ता यूआय ऑटोमेशन, म्हणजे विंडोजने सगळ्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली एकच पद्धत. जुन्या ऑफिसमध्ये नवा रस्ता अर्धाकच्चा होता म्हणून एनव्हीडीए जुन्याने जायचा. आता एनव्हीडीए विंडोज ११ वर वर्डचं बिल्ड १६.०.१५००० किंवा पुढचं असेल तर आपणहून नव्या रस्त्याने जातो, नाहीतर जुन्याच. एक्सेलमध्ये मात्र अजून नेहमीची पद्धत ऑब्जेक्ट मॉडेलचीच, नवी आपण मुद्दाम चालू करावी लागते. तेव्हा एकाच ऑफिसवर दोन माणसांचे अनुभव वेगळे येतात त्यात दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं, रस्ते वेगळे असतात एवढंच.

बिट्सचं एका ओळीत सांगते, ३२ का ६४ यावर स्क्रीन रीडरचं फारसं अडत नाही, जुनं काही अ‍ॅड-इन वापरत असाल तर ते ६४ वर चालतं का तेवढं तपासा. पुढे.

व्हर्जनांकडे येऊ. २००३ पर्यंत सरळ मेनू होते, २००७ पासून रिबन, म्हणजे मेनूऐवजी टॅबांमध्ये मांडलेल्या बटणांची पट्टी, आली. रिबनला घाबरणारे अजून भेटतात, पण आल्ट दाबला की प्रत्येक टॅबचं अक्षर बोलतं, आणि २००३ मधले बरेच जुने शॉर्टकट, म्हणजे आल्ट + ई मग एस असले, आजही चालतात. २०१० मध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी चेकर आला, म्हणजे फाइल स्क्रीन रीडरला नीट वाचता येईल का ते तपासणारी सोय. आणि २०१६ मध्ये आलं आल्ट + क्यू, माझ्या मते रिबनवरचा खरा उतारा हाच. आल्ट + क्यू दाबा, जे हवं ते टाइप करा, खाली बाण, एंटर. रिबन पाठ करायची गरजच नाही. तुमच्या ऑफिसमध्ये आल्ट + क्यू चालत नसेल तर समजा की तुम्ही फारच जुन्यावर बसलायत.

सपोर्टच्या तारखा अशा. २०१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये संपला, २०१३ चा एप्रिल २०२३ मध्ये, २०१६ आणि २०१९ दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्याच दिवशी विंडोज १० चाही. २०२१ साठी तारीख आहे १३ ऑक्टोबर २०२६, आणि २०२४ साठी ऑक्टोबर २०२९. सपोर्ट संपला म्हणजे प्रोग्रॅम बंद पडत नाही, दुसऱ्या दिवशीही वर्ड उघडतंच. पण सिक्युरिटीचे अपडेट थांबतात, आणि आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात काही वाचलं जात नसेल तर ते आता कधीच दुरुस्त होणार नाही.

जुनं मशीन असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. एनव्हीडीए २०२४.१ पासून विंडोज ८.१ च्या खाली चालत नाही, विंडोज ७ साठी शेवटची मालिका २०२३.३. एक्सपी आणि व्हिस्टावाल्यांसाठी तर २०१७.३ च शेवटचा. आणि ऑफिस २०१९ पासून पुढचं विंडोज १० शिवाय बसतच नाही. म्हणजे विंडोज ७ वर तुमची जोडी ठरलेलीच आहे, ऑफिस २०१६ आणि एनव्हीडीए २०२३.३, इकडेतिकडे करायला जागा नाही. साधं टायपिंग, साधी शीट, चालून जाईल. पण नव्या मशीनवर कुणी हौसेने २०१६ टाकत असेल तर टाकू नका, "मला त्याचीच सवय आहे" हे कारण पुरत नाही.

मग नवीनमध्ये काय घ्यायचं. दोन प्रकार आहेत. एकदा घेऊन कायम वापरायचं, म्हणजे २०२१, २०२४ वगैरे, आणि सबस्क्रिप्शनचं मायक्रोसॉफ्ट ३६५. कायमवाल्यात घेतलं त्या दिवशी जे आहे तेच राहतं, सिक्युरिटी सोडून नवीन काही येत नाही. हे ऐकायला वाईट वाटतं पण कधीकधी तेच बरं असतं, कारण आज शिकलेला शॉर्टकट उद्याही तिथेच असतो. ३६५ मध्ये सुधारणा येत राहतात, स्क्रीन रीडरच्या दुरुस्त्याही आधी तिथे येतात, पण त्याबरोबर बदलही येतात आणि ते विचारून येत नाहीत.

माझं मत विचाराल तर, रोज दुसऱ्यांबरोबर फाइली फिरवायच्या असतील, कमेंट्स, ट्रॅक चेंजेस, एकाच फाइलवर चारजण असं काम असेल, तर ३६५ घ्या आणि एनव्हीडीए कायम ताजा ठेवा. तो फुकट आहे, मागे ठेवायचं कारणच नाही. जॉजचं जुनं लायसन्स असेल आणि अपग्रेड घेणं जमत नसेल तर मात्र ३६५ च्या मागे पळू नका, त्या जॉजच्या काळातलं कायमवालं ऑफिस घ्या. स्क्रीन रीडर नवीन आणि ऑफिस जुनं ही जोडी बहुतेक वेळा धकते कारण स्क्रीन रीडरवाले जुन्या ऑफिसचा सपोर्ट लगेच काढत नाहीत. पण ऑफिस नवीन आणि स्क्रीन रीडर जुना, तिथे जुन्याला नवीन गोष्टी माहीतच नसतात, तो बिचारा काय बोलणार.

कामाच्या ठिकाणी ३६५ असेल तर आयटीवाल्यांना एक प्रश्न विचारा, आपण कुठल्या अपडेट चॅनलवर आहोत. करंट चॅनलवर बदल तयार झाले की लगेच येतात, मंथली एंटरप्राइझवर महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, आणि सेमी-अ‍ॅन्युअलवर नवीन गोष्टी फक्त जानेवारी आणि जुलैत. दर आठवड्याला काहीतरी हललेलं बघून डोकं फिरत असेल तर मंथली मागा. सेमी-अ‍ॅन्युअल शांत असतं खरं, पण मग एखादी दुरुस्तीही सहा महिने उशिरा पोचते, तेव्हा विचार करून.

शांततेवरून आठवलं. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाला नोकरीत रिपोर्ट तपासायचं काम मिळालं. त्याने बसून अकरा कमेंट्स लिहिल्या, प्रत्येक लिहून झाली की एस्केप, परत मजकुरात. फाइल गेली आणि साहेबांचा फोन, "अरे कमेंट्स कुठायत?" झालं असं होतं की मी त्याला जुनं वर्ड शिकवलं होतं, त्यात कमेंट लिहून बाहेर आलं की झालं. नव्या वर्डमध्ये कमेंट लिहिल्यावर कंट्रोल + एंटर दाबून पोस्ट करावी लागते, नाहीतर ती कच्चीच राहते आणि समोरच्याला दिसत नाही. स्क्रीन रीडर व्यवस्थित वाचत होता, वर्डही व्यवस्थित चालत होतं, चूक माझी, व्हर्जन बदललं हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाही ऑफिस सुचवायच्या आधी त्याच्या कामातली एक फाइल मागते.

त्या फाइलचंच नीट सांगते, कारण निवड खरी तिथे होते. दुसऱ्याच्या सल्ल्यावर, माझ्यासुद्धा, व्हर्जन ठरवू नका. एक चाचणीची फाइल बनवा आणि जे घेणार आहात त्यावर चालवून बघा. ट्रायल मिळते, मित्राचं मशीन असतं, कामाच्या ठिकाणचं असतं. एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी टूल्स मेनूतून पेन ड्राइव्हवर बनवता येते, ती घेऊन जा, समोरच्याच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायला नको. जॉजही लायसन्स नसताना चाळीस मिनिटं चालतो, मग मशीन रीस्टार्ट केलं की परत चाळीस, चाचणीला तेवढं भरपूर आहे.

फाइलमध्ये चार-पाच हेडिंग टाका, खरी हेडिंग स्टाइल लावून, नुसतं बोल्ड करून नाही. एक टेबल, चार रो तीन कॉलम, आणि त्यात मुद्दाम दोन सेल मर्ज करा. दोन-तीन कमेंट्स, ट्रॅक चेंजेस चालू करून एक शब्द खोडलेला आणि एक वाढवलेला, एक फूटनोट, एक चित्र ज्याला आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं लिहिलेलं वर्णन, आहे आणि एक ज्याला नाही. काही ओळी मराठीत, काही इंग्रजीत. झालं.

आता एनव्हीडीए + स्पेस दाबून ब्राउझ मोड, म्हणजे एकेका अक्षराने उड्या मारत वाचायची पद्धत, चालू करा, एच दाबत जा, हेडिंगवरून हेडिंगवर उडी जाते का बघा. टी दाबून टेबलवर या. परत एनव्हीडीए + स्पेस, आणि टेबलमध्ये कंट्रोल + आल्ट + बाण. प्रत्येक सेलला मजकूर आणि कितवी रो, कितवा कॉलम हे ऐकू यायला हवं. मर्ज केलेल्या सेलपाशी कान द्या. तिथे गाडी अडखळते का, कॉलमचा आकडा भलताच सांगते का, का टेबलच्या बाहेर फेकून देते. मग पहिल्या रोच्या पहिल्या सेलवर एनव्हीडीए + शिफ्ट + सी दाबा, म्हणजे ही रो कॉलमची शीर्षकं आहे असं ठरतं, आणि आता खालच्या रोंमध्ये आडवं, एका कॉलममधून दुसऱ्यात फिरताना "नाव", "रक्कम" असं आधी बोलून मग आकडा बोलेल. ही खूण फाइलमध्येच साठते आणि जॉजलाही समजते, म्हणजे फाइल दुसऱ्याला दिली तरी त्याला फायदा. एक्सेलमध्येही हेच चालतं, आणि तिथे तर याशिवाय मोठी शीट वाचणं म्हणजे अंधारात जिना चढणं, आकडा कळतो पण कशाचा ते नाही.

कमेंट असलेल्या शब्दावर कर्सर नेऊन एनव्हीडीए + आल्ट + सी, कमेंट वाचली पाहिजे. एनव्हीडीए + एफ ७ ने यादी उघडा, त्यात हेडिंग, लिंक, कमेंट्स आणि स्पेलिंगच्या चुका वेगवेगळ्या मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एफ ६ दाबत फिरा. मजकूर, स्टेटस बार, रिबन, बाजूला पेन (बाजूची छोटी खिडकी) उघडं असेल तर ते, असं फिरून परत मजकुरात आलात का? मध्येच कुठे काहीच न बोलणारी जागा लागली आणि तिथून बाहेर यायला आल्ट + टॅबचा आधार घ्यावा लागला तर ती जोडी मी नापास करते, बाकी कितीही छान वाचत असो. मजकूर वाचायला सगळेच वाचतात हो, फोकस हरवला की माणूस थकतो.

मराठी ओळींवर काय होतं तेही बघा. युनिकोड मजकूर असेल आणि मराठीचा आवाज असेल तर, एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनमध्ये तो आहे, नीट वाचलं जातं. मजकुराला वर्डमध्ये प्रूफिंगची भाषा बरोबर लावली असेल तर आपोआप आवाज बदलणंही जमतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल मात्र जगातलं कुठलंही ऑफिस आणलं तरी स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची खिचडीच वाचणार, तिथे व्हर्जनला दोष देऊ नका, फाइल कन्व्हर्ट करून घ्या.

पॉवरपॉइंटचं थोडक्यात, स्लाइड शो चालू असताना कंट्रोल + शिफ्ट + एस ने एनव्हीडीए स्लाइड आणि स्पीकर नोट्स यात अदलाबदल करतो, ते चालतंय का बघा.

आउटलुकला मात्र थांबा. आता दोन आउटलुक आहेत, क्लासिक आणि न्यू, आणि नाव सारखं असलं तरी आतून वेगळे प्रोग्रॅम आहेत. न्यू म्हणजे खरं तर वेबवरचंच आउटलुक खिडकीत बसवलंय. त्यामुळे तिथे ब्राउझ मोड आणि फोकस मोड (ज्यात दाबलेली की थेट प्रोग्रॅमला जाते) हा वेबसाइटसारखा खेळ येतो, आणि जुनी कॉम प्रकारची अ‍ॅड-इन्स चालत नाहीत. वाईट आहे असं नाही, पण हाताला बसलेली क्लासिकची सवय तिथे जशीच्या तशी चालत नाही. क्लासिकचा सपोर्ट निदान २०२९ पर्यंत आहे असं सांगितलेलं आहे, तेव्हा कुणी घाई करत असेल तर घाबरू नका. वर "न्यू आउटलुक" असं एक स्विच असतं, ते चुकून दाबलं जाऊन रातोरात सगळं बदलल्यासारखं वाटलेली माणसं मी पाहिलीत.

ब्राउझरमधलं फुकटचं वर्ड किंवा गूगल डॉक्स चालेल का, चालेल, पण मुख्य हत्यार म्हणून नको. वेबवरच्या वर्डमध्ये एनव्हीडीए फोकस मोडमध्ये ठेवायचा, रिबनला नुसतं आल्ट नाही तर आल्ट + विंडोज, आणि भागांमधून फिरायला एफ ६ ऐवजी कंट्रोल + एफ ६. गूगल डॉक्समध्ये पहिलं काम कंट्रोल + आल्ट + झेड, स्क्रीन रीडर सपोर्ट चालू करायला. हे न करता "डॉक्स वाचतच नाही" म्हणणारे निम्मे असतील. डॉक्स ब्रेलवर वाचणाऱ्यांना कंट्रोल + आल्ट + एच. ऑफिस घेताना शक्यतो साध्या डेस्कटॉप इन्स्टॉलरनेच टाका, स्टोअरमधून किंवा मोबाइल छापाचं नको, म्हणजे एक भानगड कमी.

लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि एके काळी विंडोजवर त्याला वाचायला जावा अ‍ॅक्सेस ब्रिज बसवावा लागायचा, ते दिवस गेले. आता २०२४ पासून त्याचे व्हर्जन नंबर वर्षावरून आहेत, २४.२, २४.८ असे, घ्यायचं तर असं नवंच घ्या, कुठल्यातरी जुन्या सीडीतलं नको. मेनूची आवड असलेल्यांना ते जास्त आवडतं कारण सरळ मेनू अजून तसेच आहेत, आणि एफ ५ ने नॅव्हिगेटर उघडून हेडिंगची यादी मिळते. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तर हीच नैसर्गिक जोडी. पण समोरून येणाऱ्या फाइली वर्डच्या आणि त्यात कमेंट्स-टेबलांचा खच असेल तर आधी वरची चाचणी याच्यावरही करा. मॅकवाल्यांनो, ऑफिस २०११ मॅकच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरबरोबर जवळपास निरुपयोगी होतं, २०१६ पासून पुढे बरं झालं, तेव्हा तिकडे जुन्याचा विचारच करू नका.

संस्थेसाठी घाऊक खरेदी असेल तर विकणाऱ्याकडे अ‍ॅक्सेसिबिलिटी कॉन्फॉर्मन्स रिपोर्ट मागा, व्हीपॅट म्हणूनही ओळखतात. त्यात "सपोर्ट्स" लिहिलेल्या ओळी सोडा, "पार्शियली सपोर्ट्स" शोधा आणि शेजारचा शेरा वाचा, खरी माहिती तिथे असते. शेरा रिकामा असेल तर रिपोर्ट कुणीतरी बसल्या बसल्या भरलाय असं समजायला हरकत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर पाच मिनिटं द्या. फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये सुरुवातीच्या स्टार्ट स्क्रीनची टिक काढा, म्हणजे वर्ड उघडताच थेट कोरं पान. सेव्हमध्ये शॉर्टकटने उघडताना-सेव्ह करताना बॅकस्टेज (फाइल मेनूचं मोठं पान) दाखवू नको अशी टिक असते, ती लावा. ती लावायची नसेल तर सेव्ह अ‍ॅजला एफ १२ आणि ओपनला कंट्रोल + एफ १२ वापरा, जुना साधा डायलॉग येतो. मेलमधून आलेली फाइल विचित्र वाचत असेल तर आधी प्रोटेक्टेड व्ह्यू आहे का बघा, एनेबल एडिटिंग केल्यावर बऱ्याचदा सगळं सरळ होतं. अर्थात फाइल ओळखीच्याची असेल तरच.

आणि एखाद्या अपडेटनंतर वर्डमध्ये कर्सरबरोबर आवाज मागे पडायला लागला, किंवा ओळ दोनदा वाचायला लागला, तर ऑफिस काढून टाकायच्या आधी एनव्हीडीए सेटिंग्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डला जा, तिथली समजलंय म्हणणारी टिक लावा, आणि वर्डसाठी यूआय ऑटोमेशन कधी वापरायचं ते "फक्त गरज असेल तेव्हा" वर करून बघा. वर्ड बंद करून परत उघडा. फरक पडला तर रस्त्याची भानगड होती, नाही पडला तर सेटिंग परत होतं तसं करा आणि ती तीन नंबरांची फाइल उघडा, कुठला नंबर बदललाय ते आधी बघा.